तिसऱ्या टेबलावरची जॅकेटं

लाइदुल्फचं जॅकेट फुगलं नाही हे मला कारखान्यात नाही, बेकरीत कळलं. मी सकाळचा पाव घेत होते. काउंटरमागच्या बाईने पिशवी माझ्या हातात दिली, पण सोडली नाही.

"गुनवोर, ते तुमच्याकडचं होतं म्हणतात."

"काय आमच्याकडचं?"

"लाइदुल्फ काल कॉड माशांची जाळी टाकताना पाण्यात पडला. जॅकेट अंगात होतं. फुगलंच नाही."

फुग्लेवोगमध्ये निम्म्या घरांतलं कुणी ना कुणी समुद्रावर असतं आणि उरलेल्यांतले चौतीसजण आमच्या कारखान्यात. समुद्रावरचे जी जॅकेटं घालतात ती आम्ही शिवतो. बेकरीत माझ्यामागे चारजण उभे होते. एकानेही मला सुप्रभात म्हटलं नाही.

लाइदुल्फ वाचला होता. सोळा मिनिटं पाण्यात होता, फेब्रुवारीच्या पाण्यात. भावाने आकडी लावून त्याला ओढून घेतलं तेव्हा त्याचं हृदय बंद पडलेलं होतं. हेलिकॉप्टरमध्ये ते पुन्हा चालू केलं. पुढे तो घरी आला, पण बोलता बोलता शब्द हरवायचे, आणि जिना चढला की धाप लागायची.

तीन दिवसांनी पोलिसाने ते जॅकेट प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणून दिलं. मी आणि आस्ब्यर्नने ते माझ्या टेबलावर उघडलं. आस्ब्यर्न आमचा मालक. खरं तर मालकाचा जावई, पण सासरा जाऊन नऊ वर्षं झाली. माझं काम माल तपासण्याचं. अठरा वर्षं तेच करते आहे.

जॅकेटच्या आत मुठीत मावेल एवढं गॅसचं नळकांडं असतं. पाणी लागलं की एक गोळी विरघळते, स्प्रिंग सुटते, सुई नळकांड्याला भोक पाडते आणि चार सेकंदांत जॅकेट टम्म फुगतं. नळकांडं शेवटच्या आट्यापर्यंत आवळलेलं असेल तर. मी लाइदुल्फच्या नळकांड्याला बोट लावलं आणि ते फिरलं. दीड आटा सैल होतं. सुई त्याच्यापर्यंत पोचलीच नव्हती. त्याने हाताने दोरी ओढली असती तरी पोचली नसती. ओढली होती. दोरी तुटून त्याच्या मुठीत राहिली होती.

"त्यानेच कधीतरी खोलून बघितलं असेल," आस्ब्यर्न म्हणाला. "या लोकांचं माहीत आहे ना तुला. हाताला लागेल ते खोलायचं."

"असेल. गोदामातली बघू या."

"कशाला?"

"ती कुणी खोललेली नाहीत म्हणून."

आम्ही चाळीस जॅकेटं उघडली. सात सैल निघाली. पहिलं सापडेपर्यंत आस्ब्यर्न बोलत होता. नंतर तोच पुढचं जॅकेट उघडू लागला. सातही जॅकेटांच्या आतल्या पट्टीवर, लाइदुल्फच्या जॅकेटासारखाच, तीन नंबरचा शिक्का होता.

"तिसरं टेबल," तो म्हणाला. "तुरिद." आणि त्याच्या आवाजात, त्याला नको असतानाही, थोडा सुटकेचा सूर आला. "एकसष्ट वर्षांची आहे. हाताला संधिवात. आपण आधीच तिला हलकं काम द्यायला हवं होतं. चूक आपली, तिला वाईट वाटेल म्हणून आपण बोललो नाही."

"मला आठवडा दे."

"विमा कंपनीला मी सोमवारी काय सांगू?"

"सांग की गुनवोर शोधते आहे."

खूप वर्षांपूर्वी मला बर्गेनला एका शिबिराला पाठवलं होतं. तिथल्या बाईने एकच गोष्ट शिकवली आणि दोन दिवस तीच घोकून घेतली. काही बिघडलं की विचारा, का. उत्तर मिळालं की त्यालाही विचारा, का. आणि उत्तर म्हणून माणसाचं नाव आलं तर समजा तुम्ही अजून पोचला नाहीत. मला ते पटलं होतं, कारण ते ऐकायला छान होतं. वापरायची वेळ फारशी आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी स्टूल घेऊन तुरिदच्या शेजारी जाऊन बसले. तिने विचारलं नाही मी का आले. आख्ख्या गावाला माहीत होतं.

"बघ," ती म्हणाली, आणि एक नळकांडं उचलून आवळलं. "आता तू फिरवून बघ."

मी जोर लावला. हललं नाही. उलट मीच आवळलेलं एक तिने दोन बोटांनी पाऊण आटा पुढे नेलं.

"संधिवात गुडघ्यात आहे," ती म्हणाली. "सांग त्याला."

मी ओशाळले. मग माझ्या लक्षात आलं की ती प्रत्येक नळकांडं लावायच्या आधी एका फडक्याने पुसते. फडक्याला स्पिरिटचा वास होता. आमच्या कामाच्या पत्रकात फडकं कुठेच नव्हतं.

"हे काय करतेस?"

तिचा हात थांबला. "नवीन नळकांडी आली ना, गेल्या ऑगस्टपासून, फक्त माझ्या टेबलावर; बाकीच्यांकडे जुनाच साठा आहे. त्यांच्या आट्यांवर मेणासारखं काहीतरी असतं. दीडेक आटा राहिलेला असतानाच घट्ट लागतं. वाटतं, झालं. झालेलं नसतं. पुसून घेतलं की नीट जातं."

"तुला ऑगस्टपासून माहीत आहे?"

"मी पुसते ना. माझं एकही सैल नाही."

"तुरिद, सैल निघालेल्या सगळ्या जॅकेटांवर तीनचा शिक्का आहे."

"तारखा वाच."

मी वहीतून वाचल्या. तीस ऑक्टोबर. सहा नोव्हेंबर, ते लाइदुल्फचं. मग नऊ, बारा, तेरा, आणि उरलेल्याही त्याच महिन्यातल्या. ती ऐकता ऐकता फडक्याची घडी घालत होती.

"माझं खुब्याचं ऑपरेशन कधी झालं गं?" तिने विचारलं.

ऑक्टोबरच्या चोवीस तारखेला. दवाखान्यात तिला फुलं मीच नेऊन दिली होती, सगळ्यांच्या वतीने, कार्डावर सगळ्यांच्या सह्या घेऊन. ती सहा आठवडे कामावर नव्हती. शिक्का टेबलाचा असतो, माणसाचा नाही. त्या सहा आठवड्यांत ज्याला वेळ असेल तो तिसऱ्या टेबलावर बसत होता. हे मला माहीत होतं, आस्ब्यर्नलाही माहीत होतं, आणि तीन आकडा बघितल्यावर आमच्यापैकी एकालाही आठवलं नाही.

मी जाऊन आस्ब्यर्नला सांगू शकले असते, तुरिद नाही, मेण. तेवढ्याने ती सुटली असती. पण एक प्रश्न उरला होता.

"तू सांगितलं का नाहीस? मेणाचं. निदान सुट्टीवर जाताना तरी."

"चिठ्ठी लिहिली होती."

दोष दिसला की पिवळी चिठ्ठी लिहून माझ्या पेटीत टाकायची, असा आमचा नियम. ऑगस्टमध्ये अशी एकही चिठ्ठी मला मिळाली नव्हती.

"लिहिली आणि परत खिशात घातली," ती म्हणाली. "त्या दिवशी दोनशे अकरा होते."

तिला आकड्याचा अर्थ मला सांगावा लागला नाही. आमच्या जेवणाच्या खोलीत एक पाटी होती. 'दोषाविना दिवस', आणि खाली रोज बदलायचा आकडा. चिठ्ठी आली की आकडा शून्य. शंभर झाले तेव्हा बदामाचा केक आला होता. दोनशेला आस्ब्यर्नने सांगून टाकलं की चारशे झाले तर सगळ्यांना, नवऱ्याबायकांसकट, बोटीने डेन्मार्क. पाटी मी लावली होती. आकडे मी बदलत होते, रोज सकाळी, कोट काढायच्या आधी.

"ओडनी त्या सहलीशिवाय दुसरं काही बोलत नव्हती," तुरिद म्हणाली. "तिचा नवरा दोन वर्षं घराबाहेर पडलेला नाही. डॉक्टर म्हणाले होते, जाऊ दे, बरं वाटेल. आणि मी मेणासाठी शून्य करू? मी म्हटलं, पुसलं की काम होतंय. मग पुसत राहिले. सुट्टीवर जाताना वाटलं, सांगावं. पण कुणालाही सांगितलं की तो दोष झाला." ती माझ्याकडे बघत नव्हती. "मला वाटलं, कुणाच्याही बोटांना कळेलच."

ओडनी शेवटची तपासणी करते. विसातलं एक जॅकेट पाण्याच्या टाकीत टाकून बघायचं. मी तिच्याकडे गेले तेव्हा ती टाकीची जाळी साफ करत होती. मी काही विचारायच्या आधीच तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"एकच नव्हतं फुगलं," ती म्हणाली. "नोव्हेंबरात. मी काढून आवळलं, परत टाकलं, फुगलं. म्हटलं, असतं एखादं."

"आणि चिठ्ठी?"

"दोनशे शहाऐंशी होते, गुनवोर." मग एकदम चिडून, "तू मला विचारतेस? तूच तर सकाळी सकाळी शिट्टी वाजवत आकडा बदलायचीस. तुझ्या तोंडावर कुणी जाऊन चिठ्ठी आपटणार होतं?"

मी शिट्टी वाजवायचे हे मला माहीत नव्हतं.

त्या दुपारी मी खिडकीपाशी बसून राहिले. बाहेर पाऊस आणि बर्फ एकत्र पडत होतं. डब्यातला पाव आणि तपकिरी चीज तसंच कागदात होतं. मी वहीत एकाखाली एक लिहिलं होतं. जॅकेट फुगलं नाही, का. नळकांडं सैल, का. मेण, का कळलं नाही. कळलं होतं, का सांगितलं नाही. पाटी. आणि पाटी का, याच्यापुढे माझं नाव.

माणसाचं नाव आलं तर अजून पोचलो नाही, असं ती बाई म्हणाली होती. तुरिदच्या वेळी मला तो नियम न्यायाचा वाटला होता. आता तो मला पळवाटेसारखा दिसला. मी पुढे विचारू शकत होते. पाटी का? कारण माझे अहवाल कुणी वाचत नव्हतं. का वाचत नव्हतं? कारण आस्ब्यर्नला वेळ नव्हता. असं करत करत मी माझ्यापासून मैलभर लांब गेले असते. खरं उत्तर एवढंच होतं की मला ती पाटी आवडायची. पाहुणे आले की आस्ब्यर्न त्यांना आधी तिच्यासमोर नेऊन उभं करायचा आणि म्हणायचा, ही आमच्या गुनवोरची कमाल. तीनशेहून जास्त दिवस एकही चिठ्ठी आली नाही, आणि मी, जिचं काम शंका घेण्याचं, तिने एकदाही शंका घेतली नाही.

मी सगळं लिहून आस्ब्यर्नकडे गेले. तो उभ्यानेच वाचू लागला आणि मग बसला.

"हे असं पाठवायचं?"

"असंच."

"मेणाचं ठीक आहे. मेण लिही. पुरवठादाराने बदल केला, आपल्याला कळवलं नाही. सगळे समजतील. हे पाटीबिटीचं कशाला? वाचणाऱ्याला वाटेल आपण सहलीसाठी माणसं बुडवतो."

"मेण काढलं तर पुढच्या वर्षी दुसरं काहीतरी असेल. धागा असेल, बक्कल असेल. आणि तेही कुणाला तरी माहीत असेल, आणि तेही कुणी सांगणार नाही."

"तुझी नोकरी जाईल, कळतंय ना?"

"कळतंय."

त्याने कागदाच्या कडा एकसारख्या केल्या. "सहलीचं मी बोललो होतो," तो म्हणाला. "तू नव्हतीस बोलली. माझंही नाव घाल." मग कपाळ दाबून, "तुरिदला मी सगळ्यांसमोर म्हातारी म्हटलं, माहीत आहे? काल. जेवणाच्या खोलीत."

त्याने तिची माफी मागितली, तीही सगळ्यांसमोर. तुरिदने मान हलवली आणि ती मशीनकडे परत गेली. पण तिला माफीचं काही नव्हतं. सगळे तिला निर्दोष म्हणत होते आणि एकटी तीच ते मानत नव्हती. आठवड्याने तिने मला सांगितलं की ती महिनाअखेरीला काम सोडते आहे.

"तुझी चूक नाही," मी म्हटलं.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "तुला माहीत नव्हतं, त्याला माहीत नव्हतं. मला माहीत होतं." मी आणखी काही बोलायला गेले तर तिने हात वर केला. "बास, गुनवोर. काही गोष्टी समजावून हलक्या होत नाहीत."

तिने काम सोडलं. निरोपाला तिने काही करू दिलं नाही.

ऑगस्टपासून बाहेर गेलेली दोन हजार शंभर जॅकेटं आम्ही परत मागवली. पत्रं गेली, वर्तमानपत्रात आलं, रेडिओवर आलं. मार्चच्या मध्यापर्यंत बाराशे परत आली. बाकीची नऊशे समुद्रावर होती. कॉडचा हंगाम जोरात होता आणि हंगामात कुणी पत्रं उघडत नाही.

त्या दिवसांत मी लाइदुल्फकडे गेले. मला कुणी पाठवलं नव्हतं. कारखान्याच्या वकिलाने तर जाऊ नको असंच सांगितलं होतं. दार त्याच्या बायकोने, ओशिलने उघडलं. तिने माझा कोट घेतला नाही, पण आत घेतलं. लाइदुल्फ स्वयंपाकघरात बसला होता. दाढी वाढलेली, अंगात लोकरीचा जाड स्वेटर. हातातला कॉफीचा कप त्याने दोन्ही हातांनी धरला होता.

"नाव सांग," तो म्हणाला.

"कुणाचं?"

"ज्याने माझं जॅकेट..." शब्द सापडेना. त्याने मूठ फिरवून दाखवलं. "हे."

"त्या दिवशी त्या टेबलावर कोण होतं ते नक्की सांगता येत नाही. पाच-सहाजण आलटून पालटून बसत होते."

"म्हणजे कुणीच नाही."

मी त्याला सगळं सांगितलं. मेण, फडकं, खिशात गेलेली चिठ्ठी, पाटी, केक, डेन्मार्क. मध्ये ओशिल उठून सिंकपाशी जाऊन पाठ करून उभी राहिली. मी शेवटी म्हटलं, "पाटी मी लावली होती. नाव हवं असेल तर माझं घे."

त्याने कपावरचा एक हात सोडवला आणि छातीशी दोरी ओढल्यासारखा केला.

"मी खाली होतो ना," तो हळूहळू म्हणाला, "तेव्हा दोरी ओढत होतो. वाटलं, मीच चुकीची ओढतोय. मलाच येत नाहीये. घरी आल्यावर सुद्धा. रोज. वाटतं, माझंच काहीतरी चुकलं."

"तुझं काही चुकलं नाही. तू बरोबर ओढलीस."

"हे मला कुणी..." तो थांबला. "सहा आठवडे. कुणी येऊन सांगितलं नाही."

"वकील म्हणाले होते की..." मी बोलू लागले आणि थांबले. ते पूर्ण करण्यासारखं नव्हतं.

ओशिल वळली. तिचे डोळे लाल होते, पण आवाज कोरडा होता. "माफ वगैरे आम्ही करणार नाही," ती म्हणाली. "आत्ताच सांगते. नंतर वाट बघत बसू नको."

"नाही बघणार."

"किती राहिलीत? न आलेली?"

"नऊशे."

"कुणाकडे आहेत माहीत आहे?"

"यादी आहे. फोन करतोय आम्ही. पण कारखान्याचा नंबर दिसला की उचलत नाहीत. नाहीतर म्हणतात, आमचं ठीक आहे, हंगाम संपला की आणून देऊ."

लाइदुल्फने कप खाली ठेवला. "यादी," तो म्हणाला.

"माझ्या पिशवीत आहे, पण..."

"दे ना ती, बाई."

मी कागद टेबलावर पसरले. तो बोट फिरवत खाली गेला, एका ओळीवर थांबला, आणि ओशिलकडे हात पुढे केला. तिने त्याचा फोन दिला. नंबर त्याला पाठ होता. पलीकडून वाऱ्याचा आणि इंजिनाचा आवाज आला.

"मी लाइदुल्फ," तो म्हणाला. पलीकडचा काहीतरी आनंदाने ओरडला. "हो, हो. जिवंत आहे. ऐक. जॅकेट अंगात आहे? काढ. आत्ता. आत नळ... नळकांडं आहे. फिरवून बघ." पलीकडे खुडबुड ऐकू आली. मग पलीकडचा आवाज बदललेला आला. लाइदुल्फ डोळे मिटून ऐकत होता. "आवळ," तो म्हणाला. "अजून. हलणार नाही इतकं. आणि बोटीवरच्या सगळ्यांची बघ. मी थांबतो."

ओशिलने माझ्यासमोर पेन ठेवलं. मी त्या नावापुढे खूण केली. तिने न बोलता एक कप काढला, कॉफी ओतली आणि माझ्यापुढे जरा जोरातच ठेवली.

संध्याकाळपर्यंत त्याने त्रेचाळीस बोटींना फोन केला. मध्ये दोनदा त्याला इतकी धाप लागली की ओशिलने फोन काढून घेतला, आणि त्याने तो परत मागून घेतला. अकरा जॅकेटं सैल निघाली. उजेड गेला तेव्हा त्याचा आवाज बसला होता, म्हणून मी नंबर लावायचे, तो फक्त "मी लाइदुल्फ" म्हणायचा आणि फोन ओशिलकडे द्यायचा. सात बोटींवर कुणी उचलला नाही. त्यांची नावं ओशिलने वेगळ्या कागदावर लिहून काढली.

"उद्या सकाळी ये," ती मला दारात म्हणाली. "आठला. उशीर करू नको."